मास्तरांची खाजगी बाब

आमच्या शेजारच्या मास्तरांना 'प्रायव्हसी' हा शब्द सत्तरी उलटल्यावर सापडला. नवा दात बसवलेला माणूस कारण नसताना हसत राहतो, तसे ते कारण नसताना हा शब्द वापरायला लागले. भाजीवाल्यानं "काका, वांगी किती देऊ?" असं विचारलं तरी आधी इकडेतिकडे बघायचे, "हे खाजगी आहे" म्हणायचे आणि मग हळूच अर्धा किलो मागायचे.

परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही दोघांनी मला बजावलंत, की आजी, जनगणनेत एवढं सगळं सांगत बसू नकोस, तुझी माहिती कुठे जाईल कुणाला ठाऊक. तेव्हा मला हसू आलं आणि तुम्हाला वाटलं, मी तुम्हाला हसते आहे. थोडी तुम्हालाही हसले. पण बरीचशी मास्तरांना. म्हणून हे सगळं नीट लिहून पाठवते. फोनवर सांगितलं तर तुम्ही मधेच 'आजी, आवाज येत नाही' म्हणता.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, पोस्टातले. अड्याळपासून सायकलनं जाता येईल अशा एका लहान गावात ते पोस्टमास्तर होते. राहायचे इथे अड्याळलाच, आमच्या भिंतीला भिंत लागून. त्या गावातल्या लोकांना पत्र उघडायची घाई कधी नसे, कारण त्यातला मजकूर मास्तरांनी आधीच सांगितलेला असे. "तुह्या पोरीले दिवस गेले, कार्ड उद्या देतो," असं ते रस्त्यात सायकल न थांबवता ओरडून सांगत. पाकिटाच्या आत काय आहे ते सांगता येत नसल्यामुळे पाकिटं वापरणाऱ्या लोकांबद्दल त्यांचं मत वाईट होतं. मी एकदा त्यांना म्हटलं, की दुसऱ्याची पत्रं वाचू नयेत. ते अजिबात ओशाळले नाहीत. म्हणाले, "बाई, कार्ड उघडं राह्यते. त्यानं उघडं लिवाचं अन् मी डोळे झाकाचे, हा कोनता न्याय?"

निवृत्त झाल्यावर पत्रं हातची गेली, तेव्हा त्यांनी थेट माणसंच वाचायला घेतली. गल्लीत नवा माणूस दिसला की मास्तर फाटकाशी हजर. आडनाव काय, गाव कोणतं, त्या गावात कोणत्या बाजूला घर, पगार किती, वरचं काही मिळतं का, पोरगं अजून का नाही झालं. हे प्रश्न ते फार मायेनं विचारत, डॉक्टर पोट दाबून पाहतो तसे. तुमची आई लग्न होऊन पहिल्यांदा इथे आली, तेव्हा तिनं चपलासुद्धा काढल्या नव्हत्या. मास्तरांनी भिंतीवरून विचारलं, "सूनबाई, पगार तुमचा जास्त का याईचा?" तुमच्या आईनं खरं ते सांगितलं, की तिचा. तुमच्या बाबांना त्यानंतर गल्लीत सगळे 'जावईबापू' म्हणायला लागले. अजून म्हणतात.

बाजारात कुठल्याशा दुकानानं मिक्सरची सोडत काढली होती. तिच्या कुपनावर मास्तरांनी जन्मतारीख, आधार नंबर, बँकेचं नाव असं सगळं स्वच्छ अक्षरात लिहिलं, आणि कागद उरला म्हणून रक्तगटही टाकला. मिक्सर लागला नाही. पुढे वर्षभर त्यांना टक्कल, गुडघे आणि वेगवेगळ्या शहरांतले फ्लॅट यांविषयी फोन येत राहिले, आणि प्रत्येक फोन ते शेवटपर्यंत ऐकत. समोरच्या मुलीला तिचं आडनाव विचारत.

तर अशा माणसाला यंदा, जनगणना येते आहे म्हटल्यावर, प्रायव्हसी सुचली. त्याचं कारण त्यांच्या स्वयंपाकघरात होतं, आणि ते मी तुम्हाला आधीच सांगून टाकते. मास्तरांच्या घरात दोन चुली होत्या.

मागच्या बाजूला मास्तरीणबाईंची आणि पुढे, ओसरीला लागून असलेल्या खोलीत, मास्तरांची. ती आपलं रांधायची, ते आपलं. अंगण एक, विहीर एक, दार एक, भात दोन. वर्षानुवर्षं हे असंच चाललं होतं. मासे घेऊन येणारी देवकाबाई त्या एकाच घरात दोनदा टोपली उतरवायची, एकदा ओसरीवर आणि एकदा मागच्या दारी, आणि दोन्हीकडे वेगवेगळी घासाघीस करायची. त्यांची लेक शाळेत होती तेव्हा दोन्हीकडे जेवायची, त्यामुळे वर्गात सगळ्यांत गुटगुटीत तीच.

सगळ्या गल्लीला हे ठाऊक होतं. फक्त आपल्याला ठाऊक आहे हे मास्तरांना ठाऊक नाही, असं आम्ही धरून चालायचो. कारण मास्तर रोज संध्याकाळी फाटकाशी उभे राहून जाहीर करायचे, "आज घरचीनं भरीत केलं होतं. काय सांगू बाई, बोटं चाटत राह्यलो." भरीत त्यांनी स्वतः केलेलं असे. ते करपल्याचा वास दुपारीच माझ्या खोलीत येऊन गेलेला असे. म्हणजे हा माणूस रोज आपल्याच हातच्या स्वयंपाकाची बायकोच्या नावानं तारीफ करायचा, आणि ती बिचारी, जिनं वांग्याला हातही लावला नव्हता, मागच्या दारी भांडी घासत ती ऐकायची. 'बिचारी' म्हटलं खरं, पण तो शब्द तिला शोभत नाही. खोडून टाका.

चुली वेगळ्या कशामुळे झाल्या, तेही सांगते. हे अर्ध्या बाजारानं पाहिलेलं आहे, त्यामुळे मी कुणाचं गुपित फोडते आहे असं समजू नका. मास्तरीणबाईंच्या माहेरची पत्रं मास्तरांच्या पोस्टाच्या पत्त्यावरच यायची, कारण तो पक्का पत्ता होता. एक दिवस बाईंच्या भावाचं कार्ड आलं. वर कोपऱ्यात 'अशुभ' लिहिलेलं. वडील गेले होते. कुणीही शहाणा माणूस सायकल काढून सरळ घरी आला असता. मास्तरही निघाले सरळच. पण तो अड्याळच्या बाजाराचा दिवस होता, आणि खिशात अशी बातमी असताना भर बाजारातून मुकाट्यानं जाणं त्यांना जमलं नाही. पानाच्या ठेल्यावर त्यांनी सांगितलं. तिथे लोक हळहळले, कुणी चहा मागवला. मग चहाच्या टपरीवर सांगितलं. मग बांगड्यांच्या दुकानापाशी. बायको त्याच बाजारात, पलीकडच्या ओळीत, मिरच्या निवडत बसली होती. मिरचीवालीनंच तिला विचारलं, "काय व बाई, तुहा बाप गेला म्हन्ते, अन् तू अजून बाजारात?"

ती मिरच्या तिथेच ठेवून उठली. माहेरी गेली, सगळं उरकून परत आली आणि दुसऱ्या दिवशी मागच्या बाजूला माती कालवून चूल घातली. भांडण नाही, आरडाओरडा नाही. एवढंच म्हणाली, की ज्यानं माह्या बापाची खबर चौकात वाटली, त्याच्यासाठी मी भात नाही टाकत. आणि नाहीच टाकला. चूल जाऊन स्टोव्ह आला, स्टोव्ह जाऊन गॅस आला, पण भात टाकला नाही.

आता जनगणनेचं. आधी घरांची नोंद होते आणि त्यात कुटुंब म्हणजे काय हे सरकारनं अगदी साधं ठरवलं आहे: जे एका चुलीवर जेवतात ते एक कुटुंब. छप्पर एक असून भागत नाही. मागच्या खेपेला मास्तरांनी मोजणीला आलेल्या ओळखीच्या गुरुजींना चहाच्या टपरीवर बसवून तिथेच सगळं लिहवून घेतलं होतं: एक घर, एक चूल, सुखी संसार. या खेपेला मात्र नोंद मोबाईलवर होणार आणि माणूस दारात येणार, हे त्यांनी पेपरात वाचलं. आणि त्यातल्या प्रश्नांमध्ये एक प्रश्न असा होता, की या कुटुंबात विवाहित जोडपी किती राहतात.

पेपर वाचून ते माझ्याकडे आले तेव्हा घामाघूम झाले होते. नवतपा, म्हणजे मे अखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, सुरू होता, घाम सगळ्यांनाच येत होता, पण हा घाम निराळा होता.

"बाई, तुमी इंग्रजीवाल्या. मले सांगा, सरकारले काय करा लागते आमच्या घरात जोडपे किती आहेत तं?"

मी सांगितलं, "घरं किती लागतील, खोल्या पुरतात की नाही, याचा अंदाज घेत असतील."

"हे खाजगी आहे," मास्तर म्हणाले. "प्रायव्हसीचा भंग आहे हा."

"मास्तर, तुम्ही माझ्या सुनेला तिचा पगार विचारला होता."

"ते आपुलकीनं. सरकारची काय आपुलकी?"

यावर तुम्हाला उत्तर सुचलं तर कळवा.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांनी मोहीम उघडली. एकट्यानं दार बंद केलं तर लोक कारण विचारतील; सगळ्या गल्लीनं बंद केलं तर ते तत्त्व होतं. ते घरोघर गेले. फ्रीज लिहिला की रेशन कार्ड जातं, इंटरनेट लिहिलं की बायकांच्या खात्यात येणारे पैसे थांबतात, मोटारसायकल लिहिली की कर लागतो, असं त्यांनी एकेका घरी त्या त्या घरच्या सामानाप्रमाणे सांगितलं. हे त्यांना अवघड नव्हतं. कुणाकडे काय आहे याची यादी त्यांच्या डोक्यात सरकारच्या आधीपासून तयार होती.

तुम्ही म्हणाल, लोकांची भीती खोटी होती का. सगळी नव्हती. मोबाईल नंबर कशाला हवा, हा प्रश्न मलाही पडला होता आणि मी तो विचारलाही. देवकाबाईच्या भाच्याला कुणीतरी फोनवर फसवून त्याचं खातं धुऊन नेलं होतं. नंबर म्हटला की ती टोपली उचलून चालायला लागायची, आणि ते बरोबरच होतं. ज्याच्याजवळ थोडं असतं त्याला विचारलेला प्रत्येक प्रश्न त्या थोड्यातून काहीतरी कापायलाच आलेला असतो, असा तिचा अनुभव. पण देवकाबाईनं प्रश्न सरळ त्या मोजणीवाल्या मुलीलाच विचारला, उत्तर ऐकलं आणि मग नंबर दिला. गल्लीतल्या शिकलेल्या लोकांनी मात्र विचारलं काहीच नाही, मास्तरांचं ऐकलं आणि फ्रीजवर चादरी घातल्या.

खरंच घातल्या. मी थट्टा करत नाही. समोरच्या सावकारे वहिनींनी फ्रीजवर गोधडी घालून वर गणपती ठेवला. एकीनं टीव्हीला सुनेची पैठणी नेसवली. सावकारे वहिनींनी कूलरही माझ्याकडे आणून ठेवला, आणि मग उकाड्यानं जीव गेला म्हणून त्याच्यासमोर बसायला रोज दुपारी माझ्याकडे यायला लागल्या.

मोजणीवाली मुलगी म्हणजे प्रज्ञा. आसगावची, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. सुट्टी सोडून तिला या कामाला लावलेलं, डोक्याला दुपट्टा गुंडाळलेला, हातातला फोन उन्हानं इतका तापायचा की दोन घरं झाली की तिसऱ्या घरी ती आधी फोनसाठी सावली मागायची. मी माझी माहिती आधीच ऑनलाइन भरली होती, तिला नुसता भरल्यावर मिळालेला क्रमांक दिला. तिनं हात जोडले. म्हणाली, "मॅडम, अशी दहा घरं असती तं मी लग्नाले गेली असती मामेबहिणीच्या."

सावकारे वहिनींच्या घरात तिनं विचारलं, "फ्रीज?" वहिनी म्हणाल्या, "नाई." गोधडीखालून फ्रीज घरघरला. प्रज्ञानं गोधडीवरच्या गणपतीला नमस्कार केला. मग म्हणाली, "ताई, गणपती थंड होऊन राहिला." वहिनींनी फ्रीज सांगून टाकला आणि कूलरही. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत गल्लीतल्या सगळ्या चादरी उतरल्या. फक्त मास्तरांचं दार तेवढं राहिलं.

पहिल्या दिवशी मास्तरांनी तिला फाटकाच्या आत येऊ दिलं नाही. मी माझ्या ओसरीवरून ऐकत होते. ऐकावंच लागत होतं, मास्तरांचा आवाज पोस्टातला.

"नाव काय तुहं?"

"प्रज्ञा."

"आडनाव?"

"काका, आडनावाले रकाना नाई माह्या फोनात."

"गाव?"

"आसगाव."

"आसगावात कोन्या बाजूले?"

हा प्रश्न इकडे कशासाठी विचारतात हे तुम्हाला ठाऊक नसेल. घर कोणत्या बाजूला हे कळलं की जात कळते, तोंडानं विचारावी लागत नाही. प्रज्ञाला ते पुरतं ठाऊक होतं.

"विहाराच्या बाजूले," ती म्हणाली. "आमी बौद्ध. झाली माही मोजणी. आता तुमची सांगा."

"आमचं खाजगी आहे," मास्तर म्हणाले आणि आत गेले.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी मी मास्तरांना सांगितलं, की माहिती नाकारणं हा गुन्हा आहे आणि या मुलीच्या वरचा अधिकारी आला तर तो फाटकाशी थांबणार नाही. अधिकारी म्हटल्यावर मास्तरांना सरकारी नोकरी आठवली. त्यांनी एक रात्र विचार केला आणि सकाळी तोड काढली. बायको बाहेर गेलेली असताना मुलीला ओसरीवर बसवायचं आणि सगळं भराभर सांगून मोकळं व्हायचं: दोन माणसं, एक चूल, एक जोडपं. मास्तरीणबाई त्या वेळी रोज दळणाला किंवा कुठे ना कुठे जात. आपल्या खोलीच्या दाराला त्यांनी पडदा लावला. गल्लीनं फ्रीज झाकले होते. मास्तरांनी शेगडी झाकली.

मला साक्षीला बोलावलं. "बाई, तुमी बसा. इंग्रजीत काही अडलं तं." खरं म्हणजे, समोर शिकलेलं माणूस बसलेलं असलं की खोटं बोलणं जरा भारदस्त होतं.

प्रज्ञा आली, पाणी प्याली, फोन वाऱ्यावर धरला आणि सुरू झाली. भिंती कशाच्या, छप्पर कशाचं, खोल्या किती. मास्तर एका दमात उत्तरं देत होते. प्रायव्हसीचं नावही नाही.

"मुख्य धान्य कोणतं खाता?"

"भात. भंडारा जिल्ह्यात दुसरं काय खाते मानूस?"

"स्वयंपाक एकत्र?"

"म्हंजे काय. एकच चूल. मांगं आहे, घरची पाह्यते."

आणि पडद्याआड कुकरची शिट्टी झाली.

मास्तरांचा भात. पोटाची सवय; सकाळी एवढा बंदोबस्त केला आणि त्यातच हातासरशी कुकरही लावून टाकला. प्रज्ञानं पडद्याकडे पाहिलं. मास्तर अजिबात डगमगले नाहीत.

"घरचीनं भात टाकला," ते म्हणाले.

फाटक वाजलं. मास्तरीणबाई पिठाचा डबा काखेत धरून बाहेरून आत आल्या. कुकरनं दुसरी शिट्टी दिली. मी खाली मान घालून पदराचं टोक नीट केलं, जे नीटच होतं.

"काकू," प्रज्ञानं विचारलं, "भात कोनं लावला?"

"ज्याले खाचा आहे त्यानं," मास्तरीणबाई म्हणाल्या. डबा त्यांनी खाली ठेवला. "पोरी, तू काय लिहून राहिली?"

"एक चूल लिहून राहिली होती काकू."

"खोड. माही चूल मांगं आहे. ये, पाह्यून घे."

प्रज्ञा मागे गेली, पाहून आली. मग तिनं पडदा सरकवून मास्तरांची शेगडीही पाहिली. ओसरीवर बसून म्हणाली, की चुली दोन आहेत म्हणजे कुटुंबं दोन. दोन वेगळ्या नोंदी होतील. दुसऱ्या कुटुंबाचा प्रमुख कोण?

"प्रमुख म्हंजे?"

"ज्याच्या शब्दानं घर चालते तो."

"मंग मीच," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि आपलं नाव सांगितलं: अनसूया. इतकी वर्षं भिंतीला भिंत लावून राहते मी, पण ते नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

आधी मास्तरांची नोंद पुरी करायची होती. माणसं एक. प्रमुख स्वतः. पुढचा प्रश्न आला.

"या कुटुंबात विवाहित जोडपी किती?"

"एक," मास्तर म्हणाले.

"काका, तुमच्या चुलीवर मानूस एकच आहे. एकट्याचं जोडपं नाई होत. शून्य."

"अन् तिच्या चुलीवर?"

"तिथंबी शून्य."

"म्हंजे या घरात..." मास्तरांनी बोटानं घर दाखवलं, ओसरी, अंगण, विहीर, सगळं. "या सगळ्या घरात एकबी जोडपं नाई?"

"मोजणीत नाई," प्रज्ञा म्हणाली. ती कठोर मुलगी नाही. तिनं फोन खाली ठेवला. "काका, तुमी एका चुलीवर जेवून राहिले असते तं मी एक लिहिलं असतं. आजपासून जेवता का? तसं सांगा, मी तसं लिहिते."

मास्तर उठले. ओसरी उतरून अंगणातून मागच्या दारापाशी गेले. आजवर त्या दारात त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. अंगणातल्या विहिरीच्या पलीकडे ते जात नसत. मास्तरीणबाई तोवर आत जाऊन पीठ डब्यात भरत होत्या.

"लिहू दे एक," मास्तर बाहेरूनच म्हणाले. "सरकारी काम आहे. उगीच रेकॉर्ड खराब कायले?"

"लिहू देते," आतून उत्तर आलं. "बाजारात चाला. पानाच्या ठेल्यावर उभे राहा अन् सांगा, माह्या हातानं चूक झाली. जिथं वाटलं तिथं सांगा. मंग जेवा माह्या चुलीवर. रोज जेवा."

"चार लोकात?"

"चार लोकातच वाटलं होतं."

मास्तर दारात उभे राहिले. ऊन डोक्यावर होतं, त्यांनी डोक्यावर हातही धरला नाही. मला वाटलं, आता हो म्हणतील. ज्या माणसानं सगळ्या पंचक्रोशीची बाळंतपणं, लग्नं, कर्जं आणि मयती चौकात सांगितल्या, त्याला आपलं एक वाक्य सांगायला किती वेळ लागेल? पण ते एक वाक्य काही त्यांना सांगता आलं नाही. परत आले, ओसरीवर बसले आणि प्रज्ञाला म्हणाले, "हे खाजगी आहे."

"बरं," ती म्हणाली आणि शून्य लिहिलं. मग मागे जाऊन दुसरंही शून्य लिहिलं.

संध्याकाळी मास्तर माझ्याकडे आले. चहा नको म्हणाले, म्हणजे प्रकरण गंभीर होतं.

"बाई, ते शून्य सरकार कोनाले दाखवते का?"

मी त्यांना सांगितलं, जे खरं आहे तेच सांगितलं. जनगणनेत एकेकट्या माणसाची माहिती गुप्त ठेवायची असा कायदा आहे. शेजाऱ्याला दाखवत नाहीत, कोर्टातसुद्धा पुरावा म्हणून मागता येत नाही. शेवटी नुसते आकडे उरतात. त्या आकड्यांच्या ढिगात तुमचं शून्य कुणाला सापडायचं नाही.

"कोर्टातबी नाई?"

"नाही."

"चांगला कायदा आहे," मास्तर म्हणाले. इतके दिवस ज्या जनगणनेला शिव्या दिल्या तिच्या कायद्यावर ते एकदम खूष झाले. "सरकारले काही म्हना बाई, पोटात ठेवते." आणि हलक्या मनानं घरी गेले.

सरकारनं पोटात ठेवलं, यात शंका नाही. प्रज्ञाही कुणाला बोलली नाही. पुढच्या गल्लीतल्या बायकांनी तिला खोदून खोदून विचारलं, तर म्हणाली, सांगायची मनाई आहे. मीही बोलले नाही.

पण दोन दिवसांनी बाजार होता. मास्तरीणबाई पिशवी घेऊन गेल्या. पानाच्या ठेल्यावर थांबल्या, तिथे सांगितलं. चहाच्या टपरीवर सांगितलं. बांगड्यांच्या दुकानापाशी सांगितलं. सरकारनं मोजलं, आमच्या घरात जोडपं शून्य निघालं, एवढंच. वर एक शब्द नाही. शेवटी मिरचीच्या ओळीत जाऊन बसल्या आणि मिरच्या निवडून, तोलून, घेऊन घरी आल्या.

त्या दिवशी मास्तर संध्याकाळी फाटकाशी आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. गल्लीतून नवे पाहुणे गेले, त्यांचं आडनाव कुणी विचारलं नाही. मला, खरं सांगते, जरा चुकल्यासारखं झालं. तुमचा मित्र मागे इथे येऊन गेला तो त्याच आठवड्यात. तो म्हणतो, अड्याळचे लोक फार शांत आहेत.

पुढच्या आठवड्यात कधीतरी मास्तर पुन्हा फाटकाशी उभे राहिलेले दिसले. दुपारी वांगी करपल्याचा वास येऊन गेला होता, म्हणून मी समजले आता काय येणार ते. "घरचीनं..." त्यांनी सुरुवात केली आणि थांबले. आता ते सांगून काही उपयोग नव्हता. सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. त्यांनी घसा साफ केला.

"बाई, आज मी भरीत केलं होतं," ते म्हणाले. "चांगलं झालं होतं."

मागच्या दारातून मास्तरीणबाईंचा आवाज आला, "मीठ जास्त पडलं होतं."

मीठ जास्त पडलं होतं हे मास्तरीणबाईंना कसं कळलं, ते मी विचारलं नाही. तुम्हीही विचारू नका.